चंद्री आणि माझं रक्त

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोन कटला नव्हता, मीच ठेवला. आई रडायला लागली की मला पुढचं बोलवत नाही.

रक्ताच्या मूळ पेशी दान करायच्या कागदावर सही मी सोमवारीच केली. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मग माझा धीर झाला नसता. पेशी कुणाला जाणार ते सांगत नाहीत. एवढंच कळलं, की माझ्याशी जुळतं.

बाबा, हाडाला भोक पाडणार नाहीत. काकूच्या वेळी पाहिलंत ती तपासणी होती. माझं रक्त एका हातातून काढून, यंत्रातून फिरवून दुसऱ्या हातात परत देतात. चार-पाच तास पडून राहायचं.

रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी हाडांच्या मगजात असतात. त्यांच्या अंगावर सीएक्ससीआर४ नावाचं प्रथिन असतं, म्हणजे रिसेप्टर. मगजातून सीएक्ससीएल१२ नावाचं रसायन सुटतं, ते या रिसेप्टरला धरून पेशींना जागेवर ठेवतं. दावंच म्हणा ना! पाच दिवस जी-सीएसएफ नावाच्या औषधाची इंजेक्शनं घेतली की ते रसायन घटतं, दावं सैल होतं आणि पेशी रक्तात उतरतात. तिकडे रुग्णाला त्या सलाईनसारख्या शिरेतून देतात, तरी त्या नेमक्या मगजात पोचतात. त्याच रसायनाच्या वासावर! चंद्री नाही का, दिवसभर कुठेही चरली तरी तिन्हीसांजेला आपल्या खुंटीशी येऊन उभी राहायची.

(हा रिसेप्टर अडवणारं प्लेरिक्साफॉर नावाचं औषध मुळात एचआयव्हीसाठी तपासत होते, कारण त्या विषाणूचे काही प्रकार याच दारातून शिरतात. २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती मात्र पेशी बाहेर काढायला. मला ते लागायचं नाही बहुतेक.)

कंबर, हाडं दुखतील. थोडी. म्हणजे, बऱ्यापैकी दुखतील, पण गोळीने थांबतं आणि पेशी पुन्हा भरून येतात. खोली स्वच्छ आहे, जेवण गरम मिळतं, सोबतीला मैत्रीण आहे. शाळेत लस टोचायला आले तेव्हा मोरीत लपलेली मीच ती, खोबऱ्याच्या वडीवर बाहेर आलेली. आता वडीशिवाय जाईन.

तुम्ही यायचं नाही. आई, माझ्यासाठी उपास धरू नकोस, गुडघ्याला पट्टा लाव. बाबा, बरं वाटतंय म्हणून प्रेशरची गोळी सोडायची नाही. गोळ्यांचा डबा मी व्हिडिओवर बघणार आहे.

शुक्रवारी रात्री फोन करीन. बाबांनीच उचला.

तुमची,
छकुली