ताई, त्या 12:40 साठी थँक्यू

प्रिय ताई,

हे मेलवर फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण लोकसाहित्यात काम करायचंय अशी बरीच मुलंमुली आत्ता तिथेच उभी आहेत जिथे मी 4 वर्षांपूर्वी होते, डिग्री झालेली, लॅपटॉप रेकॉर्डिंग्जनी भरलेला, आणि पुढे काय हे सांगायला कोणीच नाही. मला तुम्ही सांगितलंत.

पहिला मेल केला तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती. एका आजींनी सांगितलेली गोष्ट होती, सावत्र आई, दिवसभर राबणारी पोर, शेवटी तिचं नशीब उघडतं. ट्रान्सक्रिप्ट जोडलं आणि सोबत ऑडिओ फाइलही टाकली, ती कोणी उघडेल असं वाटलंच नव्हतं. तीन दिवसांनी तुमचं उत्तर आलं. तुम्ही अख्खी 40 मिनिटं हेडफोन लावून ऐकली होतीत आणि ट्रान्सक्रिप्टच्या कडेला लिहिलं होतंत, "12:40 ला आजी थांबतात. का? हे गाळू नका." (म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये 12 मिनिटं 40 सेकंदांवर. आणि तेव्हा अजून तुम्ही मला अहो-जाहो करायचात!) मी गाळलं होतं ताई. थांबणं, हसणं, दाराचा आवाज, सगळं साफ करून टाकलं होतं, गोष्ट स्वच्छ दिसावी म्हणून. परत ऐकायला बसले आणि एकदम आठवलं की त्या क्षणी आजींची सून आत आली होती. आदल्या खेपेला आजींनी सावत्र आईला चांगली शिक्षा घडवली होती, आणि यावेळी सून येऊन बसली तशी ती सावत्र आई माफी मागून मोकळी झाली. त्या थांबण्यात त्यांनी शेवट बदलला होता, आणि मी तेवढंच नेमकं कापलं होतं.

मग तुम्ही सांगितलंत की या गोष्टीला नंबरसुद्धा आहे, 510ए. आर्ने या लोककथांच्या अभ्यासकांनी 1910 मध्ये कथाप्रकारांची सूची केली, सारख्या गोष्टींना एक नंबर देऊन, थॉम्पसन यांनी ती 1928 मध्ये आणि पुन्हा 1961 मध्ये वाढवली, 2004 मध्ये उथर यांनी नव्याने मांडली, आणि त्या सूचीत माझ्या आजींच्या गोष्टीच्या कितीतरी बहिणी देशोदेशी नांदतायत. मी हरखूनच गेले होते. तुम्ही लगेच म्हणालात, नंबर लाव, पण सून आत आली तेव्हा काय झालं ते सूचीत मिळणार नाही, ते तुलाच लिहावं लागेल.

तुमच्यामुळेच मी आपल्या लोकसाहित्यवाल्यांच्या दर महिन्याच्या बैठकीला यायला लागले. तिथे कोणी पेपर वाचत नाही, प्रत्येकाने 5 मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आणायचं, लावायचं आणि मग बाकीच्यांनी बोलायचं, एवढंच. फील्डवर्कमध्ये माणूस किती एकटं पडतं हे बाहेरच्यांना कळत नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या घरी त्यांचं सुखदुःख ऐकायचं आणि रात्री खोलीवर येऊन ते सगळं एकट्यानेच वागवायचं. तिथे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं "माझ्याकडे पण असंच झालं होतं" आणि मला रडूच आलं. तुम्ही काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केलात, ते मी विसरणार नाही.

आता कामाचं, कारण मुलं तेच सगळ्यात जास्त विचारतात. माझ्या डोक्यात लोकसाहित्य म्हणजे प्राध्यापकाची नोकरी, आणि ती नाही मिळाली तर संपलं. तुम्ही माझा सीव्ही समोर घेऊन बसलात आणि "लोकसाहित्याची अभ्यासक" ही ओळ खोडून विचारलंत, केलंस काय ते सांग. किती तास रेकॉर्ड केलं, किती तासांचं ट्रान्सक्रिप्ट केलं, परवानग्या कशा घेतल्या, फाइलींना नावं कशी दिली, लोकांना विश्वासात कसं घेतलं. तेच लिहायला लावलंत. मग दिसायला लागलं की हे काम आर्काइव्हला लागतं, म्युझियमला लागतं, महोत्सवात कलाकार आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभं राहणाऱ्या माणसाला लागतं, लायब्ररी, शाळा, रेडिओ, अगदी हॉस्पिटलमध्ये पेशंटचं बोलणं नीट ऐकून घेणाऱ्या प्रोजेक्टलासुद्धा लागतं. आणि 2003 च्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या (म्हणजे गाणी, गोष्टी, सण, कला अशा हातात न धरता येणाऱ्या वारशाच्या) करारानंतर तर देशांनी आपापल्या परंपरांच्या याद्या करायच्या ठरल्यात, त्यात त्या परंपरा जगणाऱ्या लोकांचा सहभाग असायला हवा असं करारातच आहे, म्हणजे लोकांमध्ये बसून काम करता येणारी माणसं लागणारच. माझं पहिलं काम, आर्काइव्हमधलं 6 महिन्यांचं कॅटलॉगिंग, त्याची जाहिरातसुद्धा तुम्हीच पाठवलीत, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, रात्री साडेअकराला, खाली फक्त "भर" एवढंच लिहून.

एका संस्थेने माझी रेकॉर्डिंग्ज ना आजींचं ना माझं नाव देता वापरली, तेव्हा मी नुसती धुमसत बसले होते. तुम्ही माझ्यासोबत बसून पत्र लिहिलंत, शांत भाषेत, तारखांसकट. नावं लागली. पण त्याहून मोठं म्हणजे त्या दिवसापासून मी रेकॉर्डर सुरू करायच्या आधी तीन गोष्टी लेखी करते, हे कुठे ठेवलं जाणार, कोण वापरू शकतं, आणि सांगणाऱ्याला त्याची प्रत कधी मिळणार.

त्या प्रतीवरून तुम्ही किती मागे लागायचात! तेव्हाच तुम्ही मेणाच्या नळकांड्यांची हकीकत सांगितली होतीत. 1890 मध्ये अमेरिकेत फ्यूक्स नावाच्या अभ्यासकाने पॅसमाक्वॉडी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची गाणी आणि गोष्टी त्या नळकांड्यांवर रेकॉर्ड केल्या, फील्डमध्ये जाऊन केलेल्या अगदी पहिल्या रेकॉर्डिंगपैकी ती, आणि त्या लोकांपर्यंत स्वतःच्या पूर्वजांचा आवाज पोचायला कितीतरी दशकं गेली. आता लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, ती रेकॉर्डिंग्ज साफ केलीत आणि कुठलं गाणं बाहेरच्यांनी ऐकायचं, कुठलं नाही, हे ठरवण्यात त्या समाजाचा शब्द घेतला जातो. तुम्ही म्हणालात, आपण एवढा उशीर करायचा नाही. पुढच्याच आठवड्यात मी पेनड्राइव्ह घेऊन आजींकडे गेले. त्या 12:40 ला पुन्हा थांबल्या, ऐकताना. सुनेकडे बघितलं आणि दोघी हसल्या. का हसल्या ते मी विचारलं नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.

आणि त्या कॅसेट्स, ताई. आपल्यातले ते ज्येष्ठ संग्राहक गेले तेव्हा घरच्यांना खोकी टाकूनच द्यायची होती, तुम्ही एका फोनवर 11 जण गोळा केलेत. चार रविवार आपण पेन्सिल घालून रिळं गुंडाळत होतो, बुरशी पुसत होतो, लेबलवरचं पुसट अक्षर भिंगातून लावत होतो. इतक्या जणांबरोबर एकाच कामात इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं. थँक्यू, त्या रविवारांसाठी, त्या "भर"साठी, सगळ्यासाठी.

एक राहिलंच. 17 नंबरच्या कॅसेटची बी साइड कशाची आहे ते अजून कळलेलं नाही, लेबल पूर्ण गेलंय. संध्याकाळी फाइल पाठवते. साधारण आठव्या मिनिटानंतर गाणाऱ्या बाईंच्या मागून दुसरं कोणीतरी हळूच पुढचे शब्द सांगतंय असं मला वाटतं. हेडफोन लावून ऐकाल का?

तुमची,
12:40 वाली