झवेरी बाजारात नेण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आजोबांचं पेन झवेरी बाजारात दाखवायचं म्हणताय, ते जरा थांबवा. सराफ टोपण कसोटीवर घासणार, वजन करणार आणि सोन्याचा भाव सांगणार. या पेनाची किंमत सोन्यात नाहीच. टोपणाच्या कडेला भिंगातून बघा. '१/१० १२ के' असं कोरलेलं असेल, तर वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा १२ कॅरटचा पत्रा वर चढवलेला आहे, म्हणजे शुद्ध सोनं जेमतेम ५ टक्के. त्यासाठी घासून चरा पाडून घेण्यात काय हशील?

क्लिपवर बाण आहे म्हणून पार्कर, एवढ्यावर जाऊ नका. पार्करने बाणाची क्लिप १९३३ मध्ये आणली खरी, पण ‘५१’ या पार्करच्या गाजलेल्या मॉडेलची नक्कल केलेल्या चिनी ‘हिरो’ कंपनीच्या पेनांनाही बाण असतो. नाव वाचल्याशिवाय खरं नाही. टोपण फिरवू नका, आधी हलकेच सरळ ओढा. ५१ चं टोपण ओढून निघतं. आटे लागले तर पेन वेगळं आहे, तेव्हा फिरवून काढा.

आता नळीच्या, म्हणजे पेनाच्या मागच्या लांब भागाच्या, तोंडाशी, धातूच्या कड्याजवळ बघा. रात्री खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे खाचेत सावली पडून पुसट अक्षरंही उठून दिसतात. आई, फोटो तू काढ, बाबांचा हात हलतो. अमेरिकन ५१ वर 'मेड इन यू.एस.ए.'च्या शेजारी बऱ्याचदा एक आकडा असतो, तो सालाचा शेवटचा अंक. १ म्हणजे १९४१ की १९५१, हे शाई भरायच्या यंत्रणेवरून ठरतं. नळीच्या शेपटाकडे बारीक सांधा असेल आणि त्या सांध्यापुढची छोटी टोपी फिरवल्यावर खाली दट्ट्या दिसला, तर ते व्हॅक्युमॅटिक, १९४८ पर्यंतचं. सांधा नसेल तर नळी मधल्या कड्यापासून फिरवून उघडा. आत धातूच्या आवरणातली पिशवी आणि दाबायची पट्टी दिसली, तर ते १९४८ नंतरचं एरोमेट्रिक. हातांनी फिरली तर ठीक, पक्कड आणायची नाही. निबवरचं प्लास्टिकचं आवरण तर मुळीच फिरवू नका, ते लाखेने बसवलेलं असतं आणि तडकतं.

एरोमेट्रिकची पिशवी इतक्या वर्षांनीही बहुतेक शाबूत असते. निब गार पाण्यात बुडवून पट्टी चार-पाच वेळा दाबा, पाणी काढून टाका, आणि निळं येणं थांबेपर्यंत पुन्हा तेच. रात्रभर निब पाण्यात ठेवली तरी चालेल. व्हॅक्युमॅटिकचा दट्ट्या दाबल्यावर वर आला नाही, तर आतला रबरी पडदा गेलाय; पुन्हा दाबू नका, तो बदलून मिळतो. बाजूला तरफ असलेलं पेन निघालं आणि ती हलली नाही, तर आत पिशवी दगड झालीय. जोर लावाल तर नळीच फाटेल.

आत पिशवीच नसेल आणि शाई थेट नळीत ओतायची असेल, तर आयड्रॉपर. काळी नळी अंगठ्याने जोरात चोळून हुंगा. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. ते पाण्यात भिजत ठेवू नका, तपकिरी पडतं.

ब्रासो, टूथपेस्ट, स्पिरिट काही लावायचं नाही. अक्षरं झिजली की वय कळायची सोय गेली, आणि सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचं, स्पिरिटने वाटोळं होतं. आजोबांचं नाव कोरलेलं असेल तर तेही राहू द्या. भाव थोडा कमी येतो म्हणून कुणी ते घासून द्यायला निघेल, त्याला सरळ नाही म्हणा.

लिहून बघायचं असेल तर साधी फाउंटन पेनची शाई घ्या, ड्रॉइंगची वॉटरप्रूफ नको, ती आत वाळली की निघत नाही. पावसाळ्यात भरलेलं पेन कपाटात ठेवू नका. धुऊन, दोन दिवस निब खाली करून कापडावर वाळवून मग ठेवा. फोटो आले की साल मी सांगते.

तुमची,
मिनू