ढाक्याला जायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. ढाक्याच्या नोकरीला मी होकार कळवून टाकलाय. दोन वर्षं. चवथ (गणपती) फोंड्यात करूनच निघेन. बाबा, अमेरिकेपेक्षा हे कितीतरी जवळ. कोलकात्याहून विमानाने तासभर, घड्याळही आपल्यापुढे अर्धाच तास. भात-मासळी दोन्ही वेळा मिळते, काळजी नको. आत्याला मात्र एवढ्यात सांगू नका.

आई, पोट बिघडलं की तू मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने ओआरएस पाजायचीस ना? कॉलऱ्याच्या रोग्यांवर त्याची चाचणी 1968 साली ढाक्यातच झाली. आता तिथे आतड्यातल्या जिवाणूंवर काम चालतं. कुपोषित मुलांच्या पोटातले जिवाणू वयाच्या मानाने मागे राहतात, त्यामुळे नुसतं पोटभर खाऊ घालून भागत नाही. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं यांचा खाऊ त्या जिवाणूंसाठीच निवडून केला आणि दिवसातून दोनदा, तीन महिने दिला. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी, तरी वजनवाढ जास्त! निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले. माझं काम शीच्या नमुन्यांचं. ते लगेच गोठवावे लागतात, नाहीतर जिवाणू वाढत राहतात आणि चित्रच बदलतं. (बाबा, हे आईला जेवताना वाचून दाखवू नका.)

आता बाबा, तुमचं. रागावत नाहीये. पण कपाटातल्या डब्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आजच फार्मसीवाल्याकडे देऊन या. सर्दीला त्यांचा उपयोग शून्य, आणि आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात ते वेगळंच. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मात्र मध्येच सोडायचा नाही. वर त्या महागड्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलही नकोत. इस्रायलच्या वाइझमान संस्थेने 2018 मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर त्या घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. अभ्यास छोटा होता, पण पैसे वाचवायला पुरेसा आहे. कोर्सनंतर दिवसात तीनदा पातळ झालं, तर जुलाब बांधायची गोळी मनाने घ्यायची नाही. डॉक्टरांना आधी सांगा.

आई, उकड्या तांदळाची पेज सुरूच ठेव. शिजवून गार केली की तिच्यातला थोडा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू त्याचं ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. फक्त रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, गारव्याशिवाय वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष सकाळी उकळलं तरी जात नाही. पसरट भांड्यात ओत, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपव.

अळसांद्यांची (चवळीची) उसळ बाबांना आधी दोनच चमचे, मग दर आठवड्याला थोडी वाढव. एकदम वाटीभर दिलीस तर गॅस होणार आणि ते पुन्हा हातच लावणार नाहीत. ताक रोज चालेल, बिनमिठाचं. मिठाच्या पाण्यातली तोरं (कैऱ्या) मात्र त्यांच्या बीपीला नकोत. आठवड्यात एखादी, तीही धुऊन. फ्रीजमध्ये पेजेला जागा नसेल तर आधी ती तोरांची बरणीच बाहेर काढ, चिडले तर माझं नाव सांग.

तुमची
बाय