खासगीतला न्यूमोनिया मोजायचा कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की पेपरात बातमी ठरलेली, जिल्ह्यात फ्लूचे इतके रुग्ण. मी २६ वर्षं आरोग्य सेविका होते, उपकेंद्राचा ‘एस’ फॉर्म, म्हणजे लक्षणांवरून रुग्ण मोजायचा तक्ता, दर आठवड्याला भरून पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) द्यायचा, तापाचे किती, खोकल्याचे किती, त्यातही तीन आठवड्यांच्या आतला खोकला वेगळा आणि वरचा वेगळा कारण तिथे टीबीचा संशय, आणि कुणीच नसलं तरी ‘निरंक’ लिहून पाठवायचाच, नाहीतर साहेबांचा फोन आलाच म्हणून समजा. त्यामुळे हा आकडा कसा तयार होतो ते मला माहितीय.

तो बहुतेक सरकारी दवाखान्यांतूनच येतो. आमच्याकडे लोक ताप आला की आधी बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे जातात, बरं नाही वाटलं की शहरातल्या खासगी हॉस्पिटलात. कागदावर खासगी डॉक्टरांनीही आपल्या निदानाचा ‘पी’ फॉर्म आणि लॅबने तपासणीचा ‘एल’ फॉर्म द्यायचा असतो, २०२१ पासून तर आयएचआयपी हे सरकारचं रोगनोंदीचं पोर्टल आलंय, सगळं ऑनलाइन. पण भरतं कोण?

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या तीन वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला, पाच दिवस खासगीत ऍडमिट, ऑक्सिजन लागला. मी विचारलं स्वॅब घेतला का, तर डॉक्टर म्हणाले, काकू, टेस्टचे काही हजार होतील आणि ट्रीटमेंट तीच राहणार, कशाला? त्यांचं चूक नाही हो, पैसे पेशंटच्या खिशातून जाणार. पोर्टलवर नोंद टाकता का विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

साध्या सर्दी-तापाची टेस्ट सरकारही करत नाही, ते बरोबरच आहे. पण धाप लागून ऍडमिट झालेल्याची, ज्याला ‘सारी’ म्हणतात, त्याची व्हायला हवी. २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरातल्या ५,९११ सारी पेशंटचे स्वॅब तपासले, १०४ कोरोनाचे निघाले आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा ना परदेश प्रवास ना कुणाशी संपर्क. म्हणजे आजार गावात पोचलाय हे हॉस्पिटलच्या खाटेवरून कळलं. आणि आपल्याकडे खाटा खासगीतच जास्त! २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलगी, तीही खासगी हॉस्पिटलातच.

टीबीचं जमलंच ना? २०१२ पासून नोंद सक्तीची आहे, नुसती सक्ती करून भागलं नाही तेव्हा खासगी डॉक्टरांना नोंदीमागे ५०० रुपये सुरू केले. मग प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच मोठी खासगी हॉस्पिटलं निवडा, तिथल्या सारी पेशंटचे ठराविक स्वॅब सरकारने फुकट तपासून द्यावेत, विषाणू तपासणारी एनआयव्ही ही राष्ट्रीय संस्था पुण्यातच आहे आपल्या, आणि रिझल्ट डॉक्टरांना परत कळवा. मी इतकी वर्षं फॉर्म पाठवले, वरून एकदाही कळलं नाही की त्याचं पुढे काय झालं, मग पेशंटच्या फीच्या पैशांवर चालणारा डॉक्टर का भरेल?

नात आता ठणठणीत आहे. ती ऍडमिट होती त्या आठवड्यात आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत न्यूमोनिया किती, म्हणून मी आताच्या सिस्टरला सहज विचारलं. ती म्हणाली, मॅडम, निरंक.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. सातारा