भोवत्या उडाला की उडवला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पांढुरक्या भोवत्याचे उडतानाचे छायाचित्र मोठे करून छापले होते. राखाडी-पांढरा नर, पंखांची टोके काळी, पिवळा डोळा थेट आपल्याकडे. माझ्या धाकट्या मुलीने ते कापून वहीत चिकटवले. शिकारी पक्ष्याला एवढी जागा दिलीत याचा आनंद आहे. पण मी बारा वर्षे इंदापूरच्या माळावर फोटोवाल्यांची गाडी चालवतो, त्यामुळे माझी नजर आधी पायांवर गेली. पाय लोंबत होते, शेपूट पसरलेली होती आणि मान वळवून तो कॅमेऱ्याकडे बघत होता. भक्ष्य शोधणारा भोवत्या पाय पोटाशी घेतो आणि नजर खाली ठेवून गवतावरून तरंगत जातो. जमिनीवर निवांत बसलेल्याला दचकून उठावे लागले की तो त्या फोटोतल्यासारखा दिसतो. त्या एका फोटोबद्दल मी शपथेवर काही सांगणार नाही, कारण उतरतानाही पाय सुटतात. पण असे फोटो कसे निघतात ते मी स्टिअरिंगमागून रोज बघतो.

"बसलेला आहे माझ्याकडे, उडताना पाहिजे." थंडीच्या मोसमात हे वाक्य ऐकले नाही असा दिवस जात नाही. मग कुणी दरवाजा आपटतो, कुणी टाळ्या वाजवतो. पक्षी उठला की हुकूम येतो, "गाडी बरोबरीने घे." म्हणजे चाकोरी सोडून गवतातून, बिळे-दगड काही न बघता.

मीही हे केले आहे. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत बाभळीवर सर्पगरुड बसला होता, पंजात नुकताच धरलेला साप. पाहुण्यांना पुण्याला परतायची घाई होती. त्यांनी सांगितले आणि मी ढेकूळ भिरकावले. गरुड उडाला, साप खाली पडला. फोटो चांगला आला, मला पाचशे रुपये जास्तीचे मिळाले. त्यांना सोडून मी परत त्या बाभळीपाशी आलो आणि दुपारपर्यंत थांबलो. गरुड सापाकडे परतला नाही. ज्या माळावर माझ्या आजोबांनी मेंढरे चारली, तिथल्या पाखराच्या तोंडचा घास मी काढला. त्यानंतर मी कुणासाठीही पक्षी उठवलेला नाही, आणि त्यापायी गिऱ्हाइके गेली आहेत.

उडवल्याशिवाय उडतानाचा फोटो मिळत नाही, हे मात्र खोटे आहे. गरुडासारखा जड पक्षी वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतो. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून असतो आणि ऊनही तिकडूनच. गाडी झाडाच्या पूर्वेला, लांबवर उभी केली की वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी, आणि पक्षी समोरून येतो. इंजिन बंद ठेवायचे, खाली उतरायचे नाही. उभ्या गाडीला पक्षी सरावतो, दोन पायांवरच्या माणसाला नाही. जमीन तापून हवा वर चढू लागेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, गरुडाला उठायची घाईच नसते. उठायच्या आधी तो बहुतेक वेळा अंग फुलवून झटकतो, विष्ठा टाकतो, मग पुढे झुकतो. शटर तोवर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर आणून ठेवायचे. एवढे झाले की झेप हुकत नाही.

ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी कापशी घार बघावी. ती, खरूची हा छोटा ससाणा आणि सर्पगरुडसुद्धा वाऱ्यात एकाच जागी पंख मारत थांबतात, खालचा उंदीर-सरडा हेरत. हवेत थांबलेल्या पक्ष्याला आणखी कशाला उडवायचे?

भोवत्यांचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. ते कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून येतात आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात, पुष्कळदा थव्याने. सूर्यास्ताला ते उतरू लागले की मावळतीच्या रंगावर फोटो घ्यायला गाड्या आत घुसतात. दिव्यांचा झोत पडला की सगळे उठतात आणि अंधारात घिरट्या घालत राहतात. कोल्हे, लांडगे, मोकाट कुत्री त्याच माळावर असतात.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वन विभागाची सफारी आहे, तिथे ठरलेली वाट आहे. बाहेरच्या माळावर विचारणारे कुणी नसते. कायदा मात्र सगळीकडे तोच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणे नव्हे. वन्यप्राण्याला हाकलणे, त्याचा पाठलाग करणे आणि आमिष टाकणे हेही त्यात येते. माझ्या गाडीत बसणारे बहुतेक लोक शिकलेले असतात आणि पक्ष्यांवर त्यांचे मनापासून प्रेम असते. हे वाचून दाखवले की ते गप्प होतात.

माझी मागणी एवढीच आहे. शिकारी पक्ष्याचा फोटो छापण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, पक्षी आपणहून उडाला का? काही टाकून बोलावला होता का? त्याचे उत्तर फोटोखाली एका ओळीत छापा. घरट्याचे आणि रातथाऱ्याचे, म्हणजे पक्षी रात्री झोपतात त्या जागेचे, ठिकाण मात्र छापू नका, तालुका पुरे. तुमच्या पानावर आलेला फोटो कापून ठेवून लोक तो घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, अस्साच पाहिजे.

सोबत मी काढलेला एक फोटो पाठवत आहे, जुन्या कॅमेऱ्याचा आहे, छापण्यासाठी नाही. पुरवणीतल्या फोटोशेजारी ठेवून फक्त पाय बघावेत.

आपला,
एक वाटाड्या, ता. इंदापूर, जि. पुणे