ती वर्तुळं मी काढलेली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला उत्तरध्रुवीय प्रकाशावरचा (ज्याला ऑरोरा म्हणतात) लेख वाचला आणि हातातला चहा गार झाला. ‘हा सोहळा पाहायचा तर ट्रॉम्सो किंवा आइसलँड गाठण्यावाचून पर्याय नाही’ हे वाक्य आपण चौकटीत, जाड ठशात टाकलंत. खाली सल्ला काय, तर मुलांच्या शाळा बुडू नयेत म्हणून जूनमध्ये जावं. अहो, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या या ट्रॉम्सोला मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्रच नाही तर हा प्रकाश दिसायचा कुठे, हॉटेलच्या पडद्यामागे? पुरवणीच्या शेवटच्या पानावर ज्या सहलवाल्यांची पानभर जाहिरात आहे, त्यांच्या तारखाही जूनच्याच आहेत. हा योगायोग आहे असं मी धरून चालतो.

माझं दुखणं मात्र जुनं आहे. मे २०२४ मध्ये मी आपल्या वाचकांच्या छायाचित्रांच्या सदरासाठी दोन फोटो पाठवले होते. इंग्लंडात लेस्टरला मुलीच्या घरी, मागच्या अंगणातून काढलेले. चार दिवसांनी आपल्या कार्यालयातून एका मुलाचा फोन आला. आवाज गोड होता, ते नाकारत नाही. “काका, फोटो मस्त आहेत, पण आम्ही एडिट केलेले घेत नाही.” मी म्हटलं, एडिट केलेले नाहीत. “असं कसं काका, मधोमध गोल गोल वर्तुळं आहेत, ती फिल्टर लावल्यामुळेच आलीत ना?” मी म्हटलं, बरोबर, फिल्टरमुळेच आलीत. “मग झालं तर,” म्हणाला, आणि फोन ठेवला.

तो मोबाइलमधल्या फिल्टरबद्दल बोलत होता आणि मी लेन्सवरच्या काचेच्या. पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून किती नवऱ्यांच्या गालांवरचे मुरमांचे डाग घालवलेत याची गणती नाही. फोटोत खोटं कसं करतात हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच राग आला.

त्या रात्रीचं सांगतो. १० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. दुपारी आमरस जरा जास्तच झाला होता, त्यामुळे मी लवकर आडवा झालो होतो. पावणेअकराच्या सुमारास जावयांनी जिन्याखालून हाक मारली, “बाबा, स्वेटर घालून मागे या.” गेलो. डोक्यावर करड्या-गुलाबी पट्ट्या छत्रीच्या काड्यांसारख्या एका ठिकाणी येऊन मिळत होत्या आणि पाहता पाहता जागा बदलत होत्या. सौ. म्हणाली, “कुणाच्या तरी शेकोटीचा धूर आलाय.” आणि आत जाऊन झोपायची तयारी करू लागली.

ट्रायपॉड इकडे गावी, माळ्यावर. मग मुलीच्या कचऱ्याच्या चाकं लावलेल्या डब्यावर पाच किलो बासमतीची पिशवी आडवी टाकली, मुठीने खळगा केला आणि कॅमेरा त्यात बसवला. पहिला फोटो वीस सेकंदांचा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद) ३२००. सगळं आकाश हिरव्या लापशीसारखं आलं. पट्ट्या हलत असताना एवढा वेळ शटर उघडं ठेवलं की सगळा काला होतो. लेन्सचं छिद्र एफ २.८ वर तसंच ठेवलं, आयएसओ १६०० केला, वेळ चार सेकंदांवर आणली, तेव्हा काड्या सुट्या झाल्या. तरी तारे बोराएवढे! लेन्सची रिंग अनंताच्या खुणेवर ठेवली की फोकस बिनचूक, ही जुनी सवय आजच्या लेन्सला चालत नाही, ती रिंग अनंताच्याही पुढे फिरते. शेवटी स्वातीचा तारा मागच्या पडद्यावर मोठा करून, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवली. बोट लागून हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला.

आणि मग ती वर्तुळं दिसली. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, फोटोच्या बरोबर मध्यावर. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर धूळ बसू नये म्हणून लावलेला, कित्येक वर्षांत काढलेला नाही. आटे धरून बसला होता. मुलीच्या भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांनी सुटला. फिल्टर काढला आणि वर्तुळं गेली.

आता आपल्या त्या गोड आवाजाच्या मुलासाठी, सावकाश. या प्रकाशातला हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, ५५७.७ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा. असा एकाच लांबीचा प्रकाश फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये मागेपुढे परतला की त्याच्या लहरी एकमेकींत मिसळून वर्तुळं उमटतात. उन्हात किंवा घरच्या साध्या दिव्यात सगळे रंग एकत्र असल्यामुळे ती जाणवत नाहीत. मोबाइलवर बोटाने हिरवा रंग ओतून बनवलेल्या आकाशात ती येणारच नाहीत. म्हणजे ज्या खुणेवरून आपण माझा फोटो खोटा ठरवलात, तीच तो खरा असल्याची खूण होती.

एक मात्र कबूल. कॅमेऱ्यात आलं तेवढं डोळ्यांना दिसलं नाही. गुलाबी कळत होता, पण धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याइतका. अंधारात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, आणि कॅमेरा चार सेकंदांचा उजेड साठवून मग दाखवतो. सौ.ला बाहेर बोलावून पडदा दाखवला तर म्हणाली, “अगं बाई, हे कुठलं?” मी वर बोट केलं. हा फरक आपल्या लेखकाने एका ओळीत सांगितला असता तर लाखो रुपये मोजून जाणाऱ्यांचा विरस टळला असता. (जावयांनी मोबाइल नुसता हातात धरून, तीन सेकंदांत काढलेला फोटो माझ्यापेक्षा बरा आला होता. तो त्यांनी कुठेही पाठवला नाही. शहाणे आहेत.)

हा प्रकाश एवढ्या दक्षिणेला आणणारं, तीव्रतेच्या सर्वांत वरच्या पायरीचं असं चुंबकीय वादळ ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच आलं होतं. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. ती बातमी आपण पहिल्या पानावर छापलीत. म्हणजे हानलेत दिसू शकतं, पण त्याच्या कितीतरी उत्तरेला असलेल्या लेस्टरमध्ये दिसलं तर काकांनी एडिट केलं! आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री हा प्रकाश खुद्द मुंबईतून दिसल्याची त्या काळच्या वर्तमानपत्रात नोंद आहे. त्या संपादकांनी कुणाला फिल्टरबद्दल विचारलं नसावं. कुलाब्याच्या वेधशाळेने १८५९ चं असंच चुंबकीय वादळ नोंदवलं, पुढे विजेच्या ट्राममुळे चुंबकीय मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला नेलं. तिथे आजही नोंदी होतात. आपले वार्ताहर मासे खायला अलिबागला जातातच, येताना एकदा तिथेही डोकावावं.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. परत आल्यापासून पाहतोय, आमच्या फाटकासमोर नवा पांढरा एलईडी दिवा बसवलाय. पूर्वी गच्चीवरून कृत्तिकेच्या सहा चांदण्या मोजता यायच्या, आता कृत्तिका कुठे आहे तेच शोधावं लागतं. दोन अर्ज दिले. उजेड कमी असल्याची तक्रार घेता येते, जास्त असल्याचा रकाना नाही, असं उत्तर मिळालं. याबद्दल मी गेल्या वर्षी आपल्याला पत्र लिहिलं होतं. आपण ते चार ओळींवर आणलंत आणि वर मथळा दिलात, ‘रस्ते उजळले’.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार आणि निवृत्त फोटोग्राफर, जि. सातारा

ता. क. : दोन्ही फोटो मूळ फाइलींसह पुन्हा पाठवत आहे, एक फिल्टर काढून घेतलेला आणि एक वर्तुळांचा. एकच छापायचा झाल्यास वर्तुळांचा छापावा.