लेडी चॅटर्लीचा नवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत प्रणयकादंबऱ्यांवर लेख आलाय त्यात 'लेडी चॅटर्लीज लव्हर' एका ओळीत गुंडाळलंय, श्रीमंत बाईचं नोकराबरोबर लफडं म्हणे आणि संपलं. मी ते दीड महिन्यापूर्वी वाचलं, वयाच्या ६२ व्या वर्षी, मोबाईलवर, हे झोपले की ब्राइटनेस एकदम कमी करून, त्यामुळे मला जरा बोलायचंय.

चावटपणाचं आधी उरकून टाकते. आहे, भरपूर आहे, आणि ते अंगावर फुलं बिलं खोवायचं येतं तिथे तर मला चक्क हसू आलं. १९२८ ला लेखक डी. एच. लॉरेन्सने ते फ्लॉरेन्समध्ये स्वतःच छापून घेतलं, इंग्लंडात पूर्ण पुस्तक उघड विकायला १९६० चा अश्लीलतेचा खटला व्हावा लागला. आपण मागे नाही हं, १९५९ च्या डिसेंबरात मुंबईत पोलिसांनी खोटं गिऱ्हाईक पाठवून एका बुकस्टॉलवरनं ते विकत घेतलं आणि मग दुकानाच्या भागीदारांवर केस. लेखक मुल्कराज आनंदांनी पुस्तकाच्या बाजूने साक्ष दिली तरी १९६४ ला सुप्रीम कोर्टात न्या. हिदायतुल्लांनी शिक्षा कायमच ठेवली. दंड किती, तर २० रुपये! एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत.

पण मला बोलायचंय ते नवऱ्याबद्दल. क्लिफर्डचं लग्न १९१७ चं, महिनाभर हनिमून, मग परत युद्धावर, आणि सहा महिन्यांत पार मोडून घरी आणला, कमरेखालचं सगळं गेलेलं. तो २९ चा, कॉनी, म्हणजे लेडी चॅटर्ली, २३ ची. ती त्याचं सगळं स्वतः करते आणि करता करता वाळत जाते, शेवटी बहीण हिल्डा येऊन तिची तब्येत बघून भांडते, डॉक्टरकडे नेते, तेव्हा कुठे मिसेस बोल्टन नावाची नर्स येते. हा भाग मी दोनदा वाचला. आमच्या ह्यांना ११ वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही. स्पंजिंग, पॉट, बेडसोर होऊ नये म्हणून रात्री उठून कूस बदलायची, हे सगळं मीच. माझ्याकडे हिल्डा कोणी आली नाही, ब्यूरोची बाई आली ती तिसऱ्या महिन्यात गावाला गेली ती गेलीच.

पुस्तकात एक जागा आहे, लोक जी पानं शोधतात ती नव्हे, त्याच्या थोडी आधीची. वसंत आलाय, जंगलात कोंबड्या अंड्यांवर बसवल्यात आणि तो रखवालदार मेलर्स एवढंसं पिल्लू काढून कॉनीच्या हातावर ठेवतो. तिच्या ओंजळीत ते उभं राहतं आणि तिला एकदम रडू फुटतं. बास, एवढंच, पुढचं सगळं त्यातनं येतं. मी पण रडले, आणि पिल्लासाठी नाही. ११ वर्षं माझे हात रोज दुसऱ्याच्या अंगावर आहेत आणि माझ्या अंगाला कोण हात लावतं, तर डॉक्टर बीपीचा पट्टा बांधतात तेवढंच. लॉरेन्स ह्याचं नाव आधी 'टेंडरनेस' ठेवणार होता म्हणे, म्हणजे आपली मायाच की. लफडं म्हणणाऱ्याने ते पान वाचलेलं नाही हे मी लिहून देते.

आता तक्रार. मेलर्स बायकोबद्दल जे गरळ ओकतो ते, आणि पैसा न् कोळशाच्या खाणी यावर जी भाषणं आहेत ती, मी सरळ स्क्रोल केली. पण लॉरेन्सने खरी लबाडी क्लिफर्डच्या बाबतीत केलीय. त्याला इतका घमेंडखोर केलाय की वाचणाऱ्याला कॉनी गेल्याचं काही वाटूच नये. ती मोटरची व्हीलचेअर चढावर अडकते, खाली निळी फुलं चिरडलेली, आणि हा कोणाला ढकलू देत नाही, शेवटी आजारातनं उठलेल्या मेलर्सलाच ढकलायला लागते. सीन मस्त आहे, पण असा नवरा सोडायला काय लागतं? जो माणूस लिहिताना स्वतः टीबीने खंगला होता, १९३० ला गेलाही, त्याला खाटेवरचा माणूस एवढाच दिसावा?

आमचे हे तसे नाहीत. मघाशी बीपीच्या पट्ट्याचं लिहिलं ते अर्धंच खरं आहे. मी सकाळी ह्यांचे केस विंचरते ना, तेव्हा कधीकधी डाव्या हाताने कंगवा मागून घेतात आणि माझ्या कपाळावरनं मागे फिरवतात, वाकडा, टोचतो पण. असा नवरा घालायचा होता कादंबरीत आणि मग कॉनीला त्या जंगलातल्या झोपडीकडे पाठवून दाखवायचं होतं. ती गेली असती असं मला वाटतं. मी तिला नावं ठेवली नसती.

पत्र छापलंत तर नाव घालू नका, डोंबिवली एवढंच लिहा. ह्यांना पेपर मी वाचून दाखवते, वाचकांच्या पत्रांसकट.

एक वाचक, डोंबिवली